हिरवं संत्रं, लाल कोहळं आणि रक्त पातळ करायची गोळी

"रोज ताटात पाच रंग पाहिजेत, हे सारं फॅड आहे. आपल्या आज्या काय रंग मोजून भाजी करत होत्या?" वकीलसाहेबांनी एवढं म्हटलं आणि नागपूरच्या गोकुळपेठ बाजाराच्या कोपऱ्यावरचा कट्टा पेटला. सगळ्यांच्या हातात तर्री-पोह्याच्या प्लेटा, सगळे साठीच्या पुढचे. विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गुरुजी, औषधांचं दुकान चालवणारा केमिस्टभाऊ, दवाखान्यात रुग्णांच्या जेवणाचे तक्ते बनवण्यात नोकरी घातलेल्या ताई, आणि हातगाडीवर एक डोळा ठेवून चर्चेत तोंड घालणारा भाजीवाला मामा.

गुरुजी म्हणाले, "फॅड काहून? रंग म्हणजे रसायनच आहे जी. टमाटर, टरबूज, लाल गराचा पेरू यांत लायकोपीन. गाजर, कोहळं म्हणजे लाल भोपळा, पपई, आंबा यांत बीटा-कॅरोटीन, त्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होते. पालक-मेथीत ल्युटिन. ते डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध जाऊन बसते, नेमकं जिथून आपण बारीक अक्षर वाचतो तिथं. जांभूळ, काळी द्राक्षं, वांग्याचं साल यांत अँथोसायनिन. बीट आणि लाल माठ यांचा लाल मात्र वेगळा, ते बीटालेन."

"मग ही तर्री? हीपण लालच आहे ना बाप्पा!"

"तोही कॅरोटिनॉइडच, म्हणजे गाजर-टमाटराच्याच रंगकुळातला, मिरचीतलं कॅप्सँथिन. पण त्याच्यावर तरंगणारं तेल अन् मीठ कोण मोजणार?"

हशा झाला, पण वकील मागे हटले नाहीत. त्यांचा मुद्दा असा की रंग बघून खाणं म्हणजे वेष्टन बघून पुस्तक घेणं. आणि गंमत म्हणजे ताईंनी त्यांचीच बाजू घेतली, निदान अर्धी. "रंग हा पिशवीचा नियम आहे, ताटाचा नाही," त्या म्हणाल्या. "बाजारातून येताना पिशवीत एक हिरवी पालेभाजी, एक लाल-केशरी आणि एक तिसरंच काही असलं की झालं. पाच रंगांच्या नादात लोक पाच कोशिंबिरी करून राहिले, अन् वरणाची वाटी तशीच राहते. म्हातारपणी भूक कमी. काकडी-गाजरानं पोट भरलं की डाळ, दूध, अंडं यांना जागाच उरत नाही. सहा महिन्यांत वजन पाच टक्के उतरलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो, तर कोशिंबिरीचं कौतुक थांबवा आणि डॉक्टरला दाखवा. अन् हेही ऐकून ठेवा, ब१२ कोणत्याच रंगात नसते. दूध-दही-अंडं खावं लागते, नाही तर गोळी. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यानं तर ते तपासूनच घ्यावं."

मग किती खायचं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातल्या २००० कॅलरीच्या ताटात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत, सोबत ८५ ग्रॅम डाळी किंवा अंडी-मांस. जागतिक आरोग्य संघटना फळं-भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम सांगते, आणि त्यात बटाटा धरत नाही. ताईंच्या मते बटाटा भाताच्या खात्यात टाकावा, भाजीच्या नाही.

"चारशे ग्रॅम? गाय आहे का मी?" वकील.

"कच्चं वजन आहे ते. पालकाची पाव किलोची जुडी शिजून वाटीभर होते. पोह्यात मूठभर मटार-गाजर, दुपारी वाटीभर पातळ भाजी, रात्री वाटीभर फळभाजी, सोबत थोडी काकडी नाही तर टमाटर. झाले चारशे. फळ म्हणजे एक मध्यम संत्रं किंवा एक पेरू."

मामानं लगेच हिशेब लावला. दोन माणसांचं घर असेल तर आठवड्याला साडेपाच-सहा किलो भाजी. "अन् गिऱ्हाईक येते, दोन किलो नेते, त्यातही एक किलो आलू!"

खरी जुंपली ती कच्चं की शिजवलेलं यावर. गुरुजींना वाटत होतं, भाजी शिजवली की सत्त्व गेलं. ताईंनी ते उलटं करून दाखवलं. क जीवनसत्त्व उष्णतेनं आणि पाण्यात विरघळून जातं, हे खरं. पण लायकोपीन आणि कॅरोटीन पेशीच्या भिंतीत अडकलेलं असतं, शिजवल्यावरच मोकळं होतं, आणि ते तेलात विरघळतं. कच्चं गाजर कोरडं चावून खाल्लं तर त्यातलं बरंचसं कॅरोटीन आलं तसं निघून जातं. शिजवलेल्या गाजरावर चमचाभर तेलाची फोडणी, किंवा पोळीसोबत जवसाची चटणी, एवढी चरबी पुरते. त्यामुळे टमाटर-गाजर-कोहळं शिजवून, आणि काकडी, लिंबू, संत्रं, पेरू कच्चं, अशी त्यांची विभागणी. दात नसतील तर हा प्रश्न आपोआपच सुटतो.

"पण नीट शिजवता आलं पाहिजे," ताईंनी बजावलं. "पालेभाजी आधी धुवायची, मग चिरायची. चिरून धुतली की क जीवनसत्त्व अन् फोलेट नळाखाली वाहून जाते. पाणी कमी, आच मध्यम, झाकण. हिरवा रंग टिकवायला सोडा घालतात ना, तो अजिबात नको. सोड्यानं क आणि ब१ दोन्ही मरतात, वर बीपीवाल्याच्या पोटात फुकटचं सोडियम."

गुरुजींना शाळेतला फळा आठवला असावा. "भाजीतलं आम्ल क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम हुसकावून लावते, म्हणून पालक काळपट-पिवळा पडते. पहिली दोन मिनिटं झाकण उघडं ठेवा, काही आम्ल वाफेबरोबर उडून जाते, रंग बरा राहते."

लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं. एकतर क टिकतं, दुसरं म्हणजे त्यानं पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा नको. चहातलं टॅनिन हेच लोह धरून ठेवतं, तासभर थांबावं.

इथं पातळ भाजीचा विषय निघाला. ती लिहून ठेवण्यासारखी आहे, कारण दात नसलेल्या माणसासाठी हिच्याइतकी सोयीची गोष्ट क्वचितच असेल. दोघांसाठी पालकाची एक जुडी, दोन मोठे चमचे हरभरा डाळ आणि दोन चमचे शेंगदाणे. डाळ-दाणे दोन तास भिजवून वेगळे शिजवायचे. पालक पाच-सात मिनिटं शिजवून घोटायचा, त्यात डाळ-दाणे आणि एक चमचा बेसन पाण्यात कालवून लावायचं, उकळी आली की लसूण-मिरचीची फोडणी. दाणे चावत नसतील तर भिजवलेलेच वाटून घालायचे. बिघडतं कुठं? पालकाऐवजी आंबट चुका किंवा आंबाडी घेतली आणि डाळ तिच्यातच शिजायला टाकली की तासभर झाला तरी डाळ टणक. आम्लात डाळीचा गर मऊ पडत नाही. म्हणून आंबट भाजी असेल तर डाळ पूर्ण शिजल्यावरच एकत्र करायची. बेसन सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर चार-पाच मिनिटं उकळायलाच हवं, नाही तर कच्चट लागतं आणि पोटात वारा धरतो.

कोहळ्याला तर पाणीसुद्धा नको. पाव किलो लाल कोहळं सालासकट फोडी करून, दोन चमचे तेलात मोहरी-मेथीदाणे-हिंगाची फोडणी, वर ताट झाकून ताटावर पाणी. दहा-बारा मिनिटांत स्वतःच्याच पाण्यात शिजतं. मेथीदाणे करपले की भाजी कडू, एवढंच सांभाळायचं. कोहळ्याची बोंडंसुद्धा चालतील का, असं वकिलांनी विचारलं. ताईंनी नुसतं त्यांच्या पोटाकडे पाहिलं.

मामानं मध्येच संत्रं उचललं. ऑक्टोबरचा माल, अर्धा हिरवा. "हे सांगा गुरुजी, रंगावर जायचं असेल तर हे कच्चं?"

नाही. नागपुरी संत्र्याचे दोन बहार येतात. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, फळ ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. मृगाची फुलं पावसाच्या सुरुवातीला, फळ फेब्रुवारी-मार्चकडे. सालीतला हिरवा रंग जायला रात्री थंड लागतात. ऑक्टोबरमध्ये काटोल-वरुडकडच्या रात्री तेवढ्या गार नसतात, म्हणून आत गोड रस तयार असला तरी साल हिरवी राहते. मामा म्हणाला, "हातात घेऊन वजन पाहा. आकाराच्या मानानं जड ते रसाचं. हलकं, साल फुगलेली, दाबलं की आत पोकळ, ते आतून पोचट निघते, पाकळ्यांत रस कमी, चिपाड जास्त." २०१४ पासून ह्या संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे, पण पोचट संत्रं मानांकनानं काही रसरशीत होत नाही.

"मग रस काढून पिऊ, पचायला सोपा," वकील म्हणाले, आणि दोन्ही बाजूंनी हल्ला झाला. पेलाभर, म्हणजे २०० मिली रसाला तीन-चार संत्री लागतात. साखर १५ ते २० ग्रॅम, ती एका मिनिटात पोटात, आणि पाकळीच्या पडद्यातला चोथा गाळणीत. एक संत्रं पाकळ्या सोलून खाल्लं तर साखर त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी. केमिस्टभाऊनं मात्र एक अपवाद सांगितला, तो लक्षात ठेवण्यासारखा: मधुमेहाच्या माणसाची साखर एकदम खाली गेली, घाम फुटला, हात थरथरू लागले, तर तेव्हा संत्रं सोलत बसू नका. शंभर-दीडशे मिली रसच द्या, पंधरा मिनिटांनी साखर परत तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीच घालू नका, सरळ दवाखाना.

क जीवनसत्त्वाच्या बाबतीत संत्र्याचा तोरा पेरूनं उतरवला. शंभर ग्रॅम संत्र्यात साधारण चाळीस मिलीग्रॅम, पेरूत दोनशेच्या वर. अडचण बियांची. कवळीखाली गेल्या की हिरडी सोलते. चार फोडी करून बियांचा गोळा चमच्यानं काढायचा, उरलेलं साल-गर बारीक चिरून मीठ-जिरं.

इथून पुढची चर्चा केमिस्टभाऊच्या हातात गेली. माझ्या मते सगळ्यात कामाची बाजू तीच होती.

"पालक खाऊ नका, असं रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्याला अर्धं नागपूर सांगते. चूक आहे. वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिनोकौमारॉल चालू असेल तर प्रश्न के जीवनसत्त्वाचा आहे, ते पालेभाजीत भरपूर. गोळीचा डोस तुमच्या नेहमीच्या खाण्यावर बसवला असते. आठवड्याला तीन वाट्या खात असाल तर तीनच खात राहा. हिवाळ्यात मेथी स्वस्त झाली म्हणून रोज दोन वेळा, अन् उन्हाळ्यात एकदम बंद, हे घातक. वाढवलं तर रक्त घट्ट, बंद केलं तर हिरडीतून रक्त. बदलायचंच असेल तर डॉक्टरला सांगून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागते ते, तपासून."

"अ‍ॅस्पिरिनवाल्यांनी?"

"त्यांना हे लागू नाही. क्लोपिडोग्रेल, अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, यांनाही नाही. म्हणून आधी गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचा, मग भाजी सोडा."

दुसरा मुद्दा पोटॅशियमचा. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी नीट काम करत नसलेली, सोबत बीपीची टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, किंवा स्पायरोनोलॅक्टोन असेल तर रक्तात पोटॅशियम साठतं आणि हृदयाची गती बिघडते. केळी, नारळपाणी, संत्रं, टमाटर, पालक, बटाटा, म्हणजे निरोग्याला चांगलं तेच सारं मोजून. "अन् ते कमी सोडियमचं मीठ म्हणून डबा मिळते ना," केमिस्टभाऊ म्हणाला, "त्यात पोटॅशियम क्लोराइड असते. किडनीवाल्यानं आणलं की मीठ सोडून विष घेतलं." कमरख, ते कापलं की चांदणीसारखं दिसणारं आंबट फळ, किडनी निकामी झालेल्यानं चाखूसुद्धा नये, मेंदूवर परिणाम होतो.

ताईंनी तोड सांगितली: भाजी सोलायची, पातळ चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, पाणी फेकायचं आणि मग फोडणी. नुसतं भिजवून निघतं त्यापेक्षा उकळून जास्त निघतं. कुकरमध्ये कमी पाण्यावर वाफवलं तर पोटॅशियम तिथंच राहतं.

वकिलांनी लगेच पकडलं. "आत्ता म्हणालात पाणी कमी घ्या, आता म्हणता फेकून द्या! एक काय ते ठरवा."

"तुमची किडनी ठरवते साहेब, मी नाही. ज्याची चांगली आहे त्यानं पाणी ठेवायचं. ज्याची नाही त्यानं फेकायचं. मुतखडा होणाऱ्यानंही पालक, लाल माठ उकळून पाणी काढावं, खडा बनवणारं ऑक्झलेट जाते, अन् सोबत दही घ्यावं. दह्यातलं कॅल्शियम उरलेलं ऑक्झलेट पोटातच बांधते. अन् आपल्या इथं मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढं पारा जाते. म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचं कळत नाही, त्यानं पाणी घड्याळ पाहून प्यावं."

असाच दुसरा दुटप्पीपणा वाटावा असा सल्ला जेवणाच्या क्रमाबद्दल. मधुमेह असेल आणि वजन बऱ्यापैकी असेल तर आधी भाजी-कोशिंबीर, मग वरण, शेवटी भात-पोळी. जेवणानंतरची साखर कमी चढते. पण वजन उतरत असेल, दोन घासांत पोट भरत असेल, तर आधी वरण, अंडं किंवा पनीर, आणि कोशिंबीर शेवटी. एकाच घरातल्या नवरा-बायकोला एकच नियम लागू होईलच असं नाही. गुरुजी बराच वेळ ह्यावर गप्प होते. मग म्हणाले, "हे पटते. आजवर कोणी असं सांगितलं नाही."

गिळण्याचा त्रास असलेल्यांसाठी, विशेषतः पक्षाघातानंतर, ताईंचा सूर एकदम कडक झाला. पातळ आणि घट्ट एकत्र असलेला पदार्थ सगळ्यात धोक्याचा: संत्र्याची फोड, टरबूज, तुकडे तरंगणारं सूप. चावताना रस आधीच घशात उतरतो आणि श्वासनलिकेत जातो. अशांना गाठी नसलेलं, चमच्यावर ठरेल असं एकजीव वाटण. कोहळं, गाजर, दुधी त्यासाठी चांगले. जेवताना सरळ बसवायचं, जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. खोकला आला किंवा आवाज घशात पाणी अडकल्यासारखा ओला झाला तर घास थांबवायचा.

दुधीवरून केमिस्टभाऊला आठवलं. कच्च्या दुधीचा रस सकाळी-सकाळी पिणारे पुष्कळ. दुधी चिरल्यावर तुकडा जिभेला लावून बघा. कडू असेल तर अख्खा टाका, साखर घालून पिऊ नका. कडूपणा म्हणजे कुकुर्बिटासिन, तो रस पिऊन माणसं दगावली आहेत. आणि जांभळाच्या बियांची पावडर घेऊन साखरेची गोळी बंद करणाऱ्यांना त्यानं जे काही म्हटलं, ते छापण्यासारखं नाही.

घाबरून जाण्यासारख्या पण निरुपद्रवी गोष्टी दोन. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी गुलाबी होते आणि शौचाला लाल होते. बीट बंद करून दोन दिवसांत गेलं तर ते बीटच. बीट न खाता लाल दिसलं तर मात्र उशीर नको. दुसरं, रोज गाजर-पपई फार झाली की तळहात पिवळे पडतात. डोळ्याचा पांढरा भाग बघायचा: तो पांढराच असेल तर कॅरोटीन, तोही पिवळा असेल तर कावीळ.

एकदम चारशे ग्रॅमवर उडी मारली तर गॅस, पोटफुगी ठरलेली. दर आठवड्याला अर्धी-एक वाटी वाढवत दोन-तीन आठवड्यांत पोचायचं, पाण्यासकट. पावसाळ्यात कच्ची पालेभाजी आणि कच्ची मोड आलेली कडधान्यं नकोतच, मोडाच्या ओलाव्यात जंतू वाढतात आणि सत्तरीतल्या माणसाला तो जुलाब झेपत नाही.

वकिलांनी शेवटचा वार ठेवला होता. "हे सगळं ठीक. पण एकटा माणूस राहते, मुलं पुण्याला नाही तर परदेशात. तो काय पाच भाज्या आणून सडवेल?"

ह्याला मामानं उत्तर दिलं. अख्खं कोहळं हवेशीर जागी महिना-महिना टिकते, पण एकट्यानं कापलेली पाव किलोची फोड न्यावी, फ्रीजमध्ये चार दिवस. गाजर-बीट पाल्यासकट ठेवू नये, पाला कंदातलं पाणी ओढते, देठ कापून ठेवलं तर आठवडा. पालक न धुता, कागदात गुंडाळून, दोन-तीन दिवस. धुऊन पिशवीत बांधला की दुसऱ्या दिवशी लिबलिबीत. सोमवारी आणि गुरुवारी अर्धी-अर्धी जुडी. टमाटर पिकेपर्यंत बाहेर. हिवाळ्यात मटार स्वस्त असतो तेव्हा सोलून, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून, लगेच गार पाण्यात काढून, कोरडा करून डीप फ्रीजरमध्ये.

"अर्धी जुडी देशील का पण?" वकिलांनी विचारलं.

"देतो ना. पण पैसे आज द्या साहेब, मागचेही."